किल बिल : पूर्वार्ध सरस की उत्तरार्ध?

अर्धविराम

या धाग्यात दोन्ही भागांचे शेवट उघड केले जाणार आहेत, त्यामुळे चित्रपट न पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरावे.

क्वेंटिन टॅरँटिनोच्या 'किल बिल'चा पहिला भाग ऑक्टोबर २००३ मध्ये आला आणि दुसरा एप्रिल २००४ मध्ये. चित्रीकरण एकाच चित्रपटाचे झाले होते. लांबी आटोक्यात येईना म्हणून तो मधोमध कापून दोन हप्त्यांत प्रदर्शित केला गेला. कथा थोडक्यात अशी: बिलच्या मारेकऱ्यांच्या टोळीतून बाहेर पडलेली एक स्त्री लग्नाच्या तोंडावर त्याच टोळीच्या हल्ल्यातून वाचते आणि ओ-रेन, व्हर्निटा, बिलचा भाऊ बड, एल आणि स्वतः बिल अशा पाच जणांची यादी करून सूड घ्यायला निघते. असे असूनही या दोन अर्ध्यांविषयी बोलताना लोक दोन वेगवेगळ्या दिग्दर्शकांची तुलना चालल्यासारखे बोलतात. पूर्वार्ध म्हणजे जपानी तलवार, पिवळा पोशाख आणि रक्ताची कारंजी, तर उत्तरार्ध म्हणजे वाळवंट, संवाद आणि जांभया, अशी वाटणी बहुतेकांनी करून टाकलेली आहे.

मला उत्तरार्ध सरस वाटतो आणि त्याचे कारण पटकन लक्षात न येणारे आहे. पूर्वार्धात नायिकेच्या, म्हणजे उमा थर्मनने साकारलेल्या वधूच्या, हातून किती जण मरतात याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. उत्तरार्धात मात्र, भूतकाळातले प्रसंग धरूनही, तिच्या हातून एकच माणूस मरतो आणि तो म्हणजे बिल. बडचा जीव एल ड्रायव्हरने पैशांच्या पेटीत दडवलेला साप घेतो. एलचा उरलेला डोळा वधू उपटून काढते, पण तिला जिवंत सोडून निघून जाते. ज्या प्रेक्षकाने काही महिन्यांपूर्वी एका रात्रीत अख्खी टोळी कापली जाताना टाळ्या वाजवल्या, त्याच प्रेक्षकाला असा हात आखडलेला उत्तरार्ध दाखवायला धारिष्ट लागते.

तुम्हाला कोणता भाग सरस वाटतो, आणि दुसरा भाग नसता तर पहिला आपल्या पायांवर उभा राहिला असता का, हे जाणून घ्यायला आवडेल.

शेवटची_रांग

माझे मत पूर्वार्धाला, आणि तेही निःसंकोच. सूडपटात मारामारी कमी होत गेली याला धारिष्ट म्हणायचे की पोतडी रिकामी झाली असे म्हणायचे, हा खरा प्रश्न आहे.

'हाउस ऑफ ब्लू लीव्ह्ज' या जपानी उपाहारगृहातले प्रकरण आठवा. आधी ओ-रेनची अंगरक्षक गोगो युबारी आणि तिच्या साखळीच्या टोकाचा तो गोळा, म्हणजे एकीशी एकीची झुंज. मग ओ-रेनच्या क्रेझी ८८ टोळीचा लोंढा. मग दिवे जातात आणि निळ्या उजेडापुढे फक्त सावल्या लढतात. आणि त्यानंतर दार सरकते, तर बाहेर बर्फ पडत असलेली बाग, पाण्याने भरून खाली आपटणाऱ्या बांबूचा ठराविक अंतराने येणारा आवाज आणि समोर ओ-रेन इशी. एकाच प्रकरणात लढाईची लय इतक्या वेळा बदलणारा दुसरा इंग्रजी चित्रपट मला चटकन सांगता येणार नाही. उत्तरार्धात त्या तोडीचे काय आहे? बिल ब्रेडच्या कडा कापत सँडविच तयार करतो आणि नंतर सुपरमॅनवर प्रवचन देतो. समोरच्याला तलवारीने मारण्याआधी बोलून अर्धमेले करण्याची ही विद्या त्यांचा गुरू पाय मे याने शिकवली असल्यास कल्पना नाही.

वाचाळवीर

सँडविचच्या कडा इतक्या सफाईने कापणारा माणूस तलवारीतही तरबेज असणार, एवढे तर दिग्दर्शकाने पुराव्यानिशी दाखवले आहे. तुम्हाला आणखी काय हवे?

टिपकागद

सँडविचची थट्टा चालू आहे म्हणून सांगतो, त्या स्वयंपाकघराची जोडी पूर्वार्धाच्या पहिल्याच प्रकरणात आहे.

व्हर्निटा ग्रीनच्या घरात दोघी सुऱ्या घेऊन एकमेकींवर तुटून पडलेल्या असताना, दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीतून शाळेची बस येऊन थांबताना दिसते. दार उघडून निकी आत येते आणि त्या क्षणी दोघींच्या सुऱ्या पाठीमागे जातात. घराची नासधूस कुत्र्यावर ढकलली जाते, पाहुणीची ओळख जुनी मैत्रीण म्हणून करून दिली जाते आणि मग कॉफी विचारली जाते. निकी चार वर्षांची आहे. माझी मुलगी असती तर आज एवढीच असती, असे वधू त्याच भेटीत सांगते.

आता शेवटचे प्रकरण पाहा. वधू पिस्तूल रोखून बिलच्या घरात शिरते आणि समोर चार वर्षांची मुलगी खेळण्यातली बंदूक रोखून उभी असते. बिल गोळी लागून मेल्याचे नाटक करतो आणि वधूलाही त्या खेळात कोसळावे लागते. दोन्हीकडे घर आहे, लहान मूल आहे, लपवलेले शस्त्र आहे आणि मुलासमोर पाळायची सभ्यता आहे. पहिल्या प्रकरणात वधू एका मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या आईला मारते, आणि मोठी झाल्यावर तुला हे सलत राहिले तर मी वाट पाहीन असे तिला सांगून जाते. शेवटच्या प्रकरणात ती स्वतः आई म्हणून त्याच जागी उभी आहे. म्हणून मला 'कोणता भाग सरस' या प्रश्नापेक्षा पहिले प्रकरण सर्वांत आधी का ठेवले हा प्रश्न अधिक फलदायी वाटतो. काळाच्या क्रमाने ओ-रेन आधी मेलेली आहे. व्हर्निटाला मारल्यावर गाडीत बसून वधू वही उघडते तेव्हा यादीतल्या पहिल्या नावावर आधीच काट मारलेली स्पष्ट दिसते. तरीही दिग्दर्शकाने दुसऱ्या क्रमांकाचा खून पहिला दाखवला. प्रेक्षकाला तलवारींचा आनंद देण्याआधी त्याने त्याची किंमत दाखवून ठेवली होती. आपण ती सोयीस्करपणे विसरलो आणि उत्तरार्ध तिची आठवण करून देतो.

कृष्णधवल

टिपकागद यांचा प्रतिसाद उत्तम आहे. तंत्राच्या अंगाने थोडी भर घालतो.

क्रेझी ८८ची लढाई मध्येच कृष्णधवल होते. जपानसाठीच्या प्रतीत ती पूर्ण रंगीत आहे. अमेरिकेत मात्र प्रमाणपत्राच्या दृष्टीने एवढे लाल रक्त पडद्यावर परवडणारे नव्हते. पण ही अडचण कशी वापरली आहे ते पाहण्यासारखे आहे. वधू एका हल्लेखोराचा डोळा उपटते आणि त्या क्षणाला रंग जातात; पुढे तिच्या स्वतःच्या डोळ्याची पापणी लवते आणि रंग परत येतात. डोळा उपटण्याची हीच क्रिया उत्तरार्धात एलच्या वाट्याला येते, तीही पाय मेने तिचा एक डोळा आधीच काढलेला असताना. पूर्वार्धात जो तांत्रिक सांधा आहे तोच उत्तरार्धात कथेचा सांधा होतो.

दोन्ही भागांचे छायाचित्रण रॉबर्ट रिचर्डसनचे आणि संकलन सॅली मेंकीचे आहे, तेव्हा 'दोन वेगळे चित्रपट' हा आभास मुद्दाम निर्माण केलेला आहे. पूर्वार्ध शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रपटसंस्थेच्या जुन्या बोधचिन्हाने सुरू होतो आणि जपानी व हाँगकाँगी चित्रपटांच्या प्रदेशात रमतो. उत्तरार्धात तोच कॅमेरा इटालियन वेस्टर्नच्या प्रदेशात जातो. चेहरे अगदी जवळून येतात, माणसे दारांच्या चौकटीत उभी राहतात आणि क्षितिज लांबवर पसरते. वधूला जिवंत पुरतात त्या प्रसंगात तर पडद्याची रुंदीच आवळली जाते आणि चौकट जवळजवळ चौकोनी होते. त्यानंतर पूर्ण अंधार आणि फळ्यांवर पडणाऱ्या मातीचे आवाज. ज्या दिग्दर्शकाने पूर्वार्धात दाखवता येईल ते सारे दाखवले, तो इथे काहीही न दाखवता धाप लागायला लावतो.

तालमीतला

मी काही वर्षे कराटे शिकलो आहे, म्हणून लढायांविषयी लिहितो.

दोन्ही भागांची लढाईची आखणी युएन वू-पिंग यांची आहे. 'द मेट्रिक्स' आणि 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या चित्रपटांतल्या लढायाही त्यांच्याच, त्यामुळे पूर्वार्धात माणसे तारांच्या आधाराने उडतात, कठड्यांवरून पळतात, यात नवल नाही. 'हाउस ऑफ ब्लू लीव्ह्ज'चा तो भव्य देखावा बीजिंगच्या स्टुडिओत उभारला होता. वधू तिथे लढू शकते कारण तिला जागा आहे.

आता उत्तरार्धातली एल आणि वधूची मारामारी पाहा. जागा आहे बडच्या राहत्या ट्रेलरची. बोळ इतका अरुंद की लांब तलवार म्यानातून पुरती निघत नाही; पाते भिंतीला अडते. मग दोघी हाताला लागेल ते वापरतात, दिवा, दूरचित्रवाणीची अँटेना, लाथा. एकीचे डोके तर शौचकुपात बुडवले जाते. पूर्वार्धातली लढाई नृत्यासारखी बसवलेली आहे, ही मात्र भांडणासारखी वाटते, आणि तरीही तिची आखणी तितकीच काटेकोर आहे. शस्त्राची लांबी आणि जागेची रुंदी यांचे गणित ज्याला कळते त्याला ही लढाई अधिक आवडेल असे माझे मत आहे. शेवटची रांग यांनी 'त्या तोडीचे काय आहे' असे विचारले होते; माझे उत्तर ट्रेलर हे आहे.

जाता जाता एक गंमत. पूर्वार्धात क्रेझी ८८चा म्होरक्या जॉनी मो आणि उत्तरार्धातला पाय मे या दोन्ही भूमिका गॉर्डन ल्यूने केल्या आहेत. १९७८ च्या 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'चा हा नायक. तिथे त्याने शिष्य म्हणून जे सोसले, त्याचा सूद इथे गुरू होऊन वसूल केला आहे.

वाचाळवीर

म्हणजे ज्याला पूर्वार्धात वधूने मारले त्यानेच उत्तरार्धात तिला भात खायला शिकवले. याला म्हणतात मोठे मन.

सावरी

सगळे उत्तरार्धाकडे झुकत चालले आहेत, म्हणून विरुद्ध बाजूने लिहिते.

पूर्वार्धातल्या वधूला आपण कोणत्याही नात्याशिवाय ओळखतो. तिचे नाव उच्चारले जाते तेव्हा त्यावर कर्कश आवाज टाकून ते पुसले जाते. चार वर्षांच्या बेशुद्धीतून ती उठते, बधिर पायांना आज्ञा देत गाडीच्या मागच्या सीटवर पडून राहते आणि पायाचा अंगठा हलायची वाट पाहते. त्या प्रसंगात तिच्यावर अन्याय झाला आहे आणि तो तिला फेडायचा आहे, एवढेच पुरेसे असते. पुरुष नायकाच्या सूडाला आपण याहून अधिक कारण कधी मागत नाही.

उत्तरार्ध मात्र तिला नाव देतो, गुरू देतो, प्रियकर देतो आणि शेवटी मूल देतो. तिने टोळी का सोडली याचे उत्तर गर्भचाचणीची पट्टी असते. एका खोलीत दुसऱ्या मारेकरी स्त्रीसमोर बंदूक रोखलेली असताना ती त्या पट्टीचा दाखला देऊन जीव वाचवते, हा प्रसंग विनोदी आणि ताणलेला असा दोन्ही आहे, हे मान्य. पण त्यातून निघणारा अर्थ असा की एवढ्या ताकदीच्या स्त्रीला बदलण्यासाठी मातृत्वावाचून दुसरे काही सुचलेले नाही. शेवटी तिची ओळख आई म्हणून करून दिली जाते आणि सिंहिणीला तिचा छावा परत मिळाला अशा आशयाचे वाक्य पडद्यावर येते. मला तो शेवट गोड करून सांगितलेला वाटतो. पूर्वार्ध मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो तिला काहीही बनवायला जात नाही.

दुसरी गोष्ट, उत्तरार्धात ती उघड्या गाडीतून बिलच्या दिशेने निघते तो प्रसंग मला आता पूर्वीसारखा पाहता येत नाही. मेक्सिकोत त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी गाडी झाडावर आदळून थर्मनला दुखापत झाली होती. स्टंट करणाऱ्या व्यक्तीऐवजी तिलाच गाडी चालवायला लावले होते, हे तिने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि तो आपल्या आयुष्यातल्या मोठ्या पश्चात्तापांपैकी एक असल्याचे टॅरँटिनोनेही कबूल केले. पडद्यावरच्या स्त्रीच्या सामर्थ्याचे गोडवे गाताना पडद्यामागच्या स्त्रीला कसे वागवले गेले हेही लक्षात असावे.

अर्धविराम

सावरी, अपघाताचा मुद्दा गंभीर आहे आणि तो इथे यायलाच हवा होता.

मातृत्वाविषयी मात्र माझे वाचन थोडे वेगळे आहे. सत्य वदवून घेणारे औषध टोचल्यावर बिल तिला विचारतो की इथवर येताना जी माणसे मारलीस ती मारताना तुला बरे वाटले का, आणि ती होकार देते. म्हणजे आई झाल्याने ती शुद्ध झाली असे चित्रपट म्हणत नाही. सुपरमॅनच्या प्रवचनाचा रोखही तोच आहे: सामान्य बाईचे सोंग तू कितीही आण, तू मूळची मारेकरी आहेस. बिलचे हे म्हणणे खोडून काढणारे वाक्य चित्रपटात कुणीही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्नानगृहाच्या फरशीवर पडून एकाच वेळी रडते आणि हसते, तिथे मला तरी गोडवा दिसत नाही. बिल खोटे बोलला नव्हता हे तिला कळलेले दिसते.

मुक्काम_पडदा

इतक्या प्रतिसादांत बडविषयी कुणी सविस्तर लिहू नये याचे आश्चर्य वाटते. उत्तरार्धाचा खरा मानबिंदू बड आहे.

मायकेल मॅडसनने उभा केलेला हा माणूस एकेकाळचा निष्णात मारेकरी, आणि आता तो एका उतरत्या कळेच्या बारमध्ये दारावर उभा राहतो. उशिरा आला म्हणून मालक त्याला वाटेल तसे बोलतो, कामाचे दिवस कापतो आणि शेवटी तुंबलेले शौचालय साफ करायला लावतो. हा माणूस मनात आणले तर त्या खोलीतल्या सगळ्यांना संपवू शकेल हे आपल्याला ठाऊक असते, आणि तो टोपी काढून निमूट ऐकून घेतो. त्या स्त्रीला सूड घेण्याचा हक्क आहे आणि आपण सगळे मरणाच्या लायकीचे आहोत, असे तो भावाला स्वच्छ सांगतो. लगेच पुढे, तीही तितकीच लायक आहे, अशी पुस्तीही जोडतो. संपूर्ण चित्रपटात हिशेबाची इतकी रोखठोक मांडणी दुसऱ्या कुणी केलेली नाही.

आणि तलवारीचे काय? भावाने दिलेली, हान्झो या जपानी कारागिराने घडवलेली अमूल्य तलवार आपण अडीचशे डॉलरला गहाण टाकली, असे तो बिलला सांगतो. ते खोटे असते. वधूला ती ट्रेलरमध्ये गोल्फच्या पिशवीत सापडते आणि पात्यावर बिलने कोरून घेतलेल्या ओळी असतात: माझा भाऊ बड याला, ज्या एकाच पुरुषावर मी प्रेम केले. पूर्वार्धात ओ-रेनची सगळी जन्मकथा अॅनिमेशनमधून सांगितली, ती देखणी आहे यात वाद नाही. पण एका पिशवीतल्या तलवारीवरच्या दोन ओळींनी बडची कथा सांगून होते.

शेवटची_रांग

बडविषयीचे मान्य. परंतु ओ-रेनच्या अॅनिमेशनला असे एका वाक्यात उडवू नका. प्रॉडक्शन आय.जी. या जपानी संस्थेने केलेला तो भाग म्हणजे पूर्वार्धाचे काळीज आहे. पलंगाखाली दडलेली लहान मुलगी, वर चाललेली हत्या आणि गादीतून झिरपून चेहऱ्यावर पडणारे आईचे रक्त, हे प्रत्यक्ष अभिनेत्यांकडून दाखवले असते तर पाहवले नसते. आणि इथे एक गोष्ट नोंदवतो: आईबापाच्या खुनाचा सूड घेणारी ती मुलगी आणि वधू यांच्यात तत्त्वतः काहीच फरक नाही. शत्रूला माणूस म्हणून दाखवण्याचे श्रेय सगळे उत्तरार्धाला देत आहेत, पण ते काम पूर्वार्धाने तिसऱ्याच प्रकरणात केलेले आहे. बर्फाच्या बागेत ओ-रेन आधी वधूची टिंगल करते आणि पायाला जखम झाल्यावर तीच झालेल्या उपहासाबद्दल क्षमा मागते. क्षमा मागणारी शत्रू उत्तरार्धात मला दाखवा.

कानसेन

संगीताच्या बाबतीतही हा सांधा ऐकू येतो. पूर्वार्धाचे मूळ संगीत वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या रिझाचे आहे, आणि त्याबरोबर नाना काळांतली, नाना ठिकाणची गाणी वेचून बसवलेली आहेत. ओ-रेनच्या मृत्यूनंतर मेइको काजीच्या आवाजातले जे जपानी गाणे येते ते १९७३ च्या 'लेडी स्नोब्लड' या सूडपटातले आहे, आणि त्या चित्रपटातली बर्फावरच्या रक्ताची दृश्येही इथे स्पष्ट ओळखू येतात. उत्तरार्धात मूळ संगीतात रॉबर्ट रॉड्रिगेझचा हात आहे. त्याने त्यासाठी अवघा एक डॉलर घेतला, आणि पुढे टॅरँटिनोने त्याच्या 'सिन सिटी'तला एक प्रसंग एका डॉलरात दिग्दर्शित करून फेड केली. जुन्या इटालियन वेस्टर्नमधल्या एन्यो मोरिकोनेच्या धुना उत्तरार्धात अधिक ऐकू येतात. शवपेटीतून बाहेर पडण्यासाठी ती फळीवर ठोसे मारू लागते तेव्हा मोरिकोनेचीच धून चढत जाते आणि त्या प्रसंगाची अशक्यता आपण विसरतो. कानांनी मत द्यायचे तर माझे मत उत्तरार्धाला.

तालमीतला

कानसेन यांनी शवपेटीचा विषय काढला म्हणून लिहितो. तिथली मांडणी फार हुशारीची आहे. ती पुरली जाते आणि तिथेच चित्रपट मागे जाऊन पाय मेचे प्रकरण सुरू करतो: पाण्याच्या बादल्या घेऊन चढायच्या पायऱ्या, तीन इंचांवरून फळीवर मारायचे ठोसे, सोललेल्या मुठी आणि काड्या धरता न येणारी बोटे. ही शिकवणी संपते आणि आपण पुन्हा पेटीत येतो, तेव्हा पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते आणि तरीही तो प्रसंग पाहताना मुठी वळतात. हेच प्रकरण पूर्वार्धात घातले असते तर ते फक्त मजेशीर ठरले असते.

शेवटची_रांग

आणि मग एवढी शिकवणी घेऊन शेवटी काय? बिल खुर्चीत बसलेला, ती खुर्चीत बसलेली, दोनचार वार, छातीवर पाच बोटांचा स्पर्श आणि पाच पावलांत खेळ खलास. चार तास ज्याची वाट पाहिली ती झुंज चहा गार होण्याआधी संपते. पूर्वार्धात ज्याचा चेहराही दाखवला नाही, फक्त आवाज आणि तलवारीच्या मुठीवरून फिरणारा हात दाखवला, त्या माणसाचा असा अंत?

टिपकागद

त्या दोनचार वारांत काय घडते ते हळू करून पाहावे. वधूच्या हातातली तलवार निसटते आणि तिच्याकडे केवळ म्यान उरते. बिलचा वार ती त्याच म्यानात झेलते, म्हणजे त्याचे पाते तिच्या म्यानात जाऊन बसते, आणि मोकळ्या हाताने ती पाय मेची विद्या वापरते. परिणामी बिल हान्झोच्या तलवारीने मरत नाही.

आता ओकिनावातले प्रकरण आठवा. शस्त्रे घडवणार नाही अशी शपथ घेतलेला हात्तोरी हान्झो, सनी चिबाने रंगवलेला, ही शपथ का मोडतो? मी तुला मदत का करावी असे विचारल्यावर, मला ज्याला मारायचे तो तुमचाच जुना शिष्य आहे असे उत्तर मिळते, आणि तो खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर बोटाने बिलचे नाव लिहितो. महिनाभर खपून तलवार तयार होते ती या एका माणसासाठी. त्या तलवारीने पूर्वार्धात टोळीच्या टोळी कापली जाते, आणि ज्याच्यासाठी ती घडली त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर ती हातातून सुटलेली असते. उत्तरार्धात वधूने कोणत्याच तलवारीने कुणालाही मारलेले नाही.

सावरी

टिपकागद, हे निरीक्षण मला पटले. मग प्रश्न असा उरतो की हान्झोची शपथ मोडली ती व्यर्थ गेली का, आणि ही विसंगती दिग्दर्शकाला अभिप्रेत होती की ओघात घडली.

टिपकागद

अभिप्रेत असावी. पाय मेने ती विद्या शिकवली हे वधूने बिलपासून लपवून ठेवले होते, आणि मरताना त्याला सर्वांत जास्त तेच लागते. का सांगितले नाहीस, असे तो विचारतो. तलवारीने मेला असता तर हा प्रश्न विचारायला तो उरला नसता. त्या पाच पावलांआधी दोघांना जे बोलायला मिळते, ते इतर कोणत्याही मरणाने मिळाले नसते. क्षमा मागणारी शत्रू उत्तरार्धात दाखवा असे आव्हान होते. बिल क्षमा मागत नाही, पण तोंडावरचे रक्त पुसून, मी कसा दिसतो असे विचारून नीटनेटका उठतो.

उशिरा_आलेला

मी पूर्ण धागा वाचून काढला. एक बाब सुटली आहे असे वाटते. दोन्ही अर्धे जोडलेली 'द होल ब्लडी अफेअर' ही आवृत्ती २०११ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दाखवली गेली होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती रीतसर प्रदर्शित झाली. तिच्यात टोळीची लढाई रंगीत आहे आणि ओ-रेनचे अॅनिमेशन लांबवलेले आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल वेगळाच आहे.

पूर्वार्धाच्या शेवटी बिल, तिची मुलगी जिवंत आहे हे तिला माहीत आहे का, असे विचारतो, ते वाक्य अखंड आवृत्तीत नाही. सहा महिने प्रेक्षकाला धरून ठेवण्यासाठी त्या वाक्याची गरज होती. त्यामुळे दोन भागांत चित्रपट पाहिलेल्यांनी संपूर्ण उत्तरार्ध ही गोष्ट जाणूनच पाहिला. वधूला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक होते. अखंड आवृत्तीत खेळण्यातली बंदूक घेतलेली मुलगी समोर येते तेव्हा आपणही तिच्याइतकेच हादरतो. सावरी यांना मातृत्वाचा जो भार जाणवला, तो काही प्रमाणात या एका वाक्याने आधीपासून चढवलेला आहे असे मला वाटते. ते काढल्यावर शेवटच्या प्रकरणापर्यंत ती केवळ सूडासाठीच निघालेली स्त्री राहते.

सावरी

हे महत्त्वाचे आहे. त्या वाक्याशिवाय उत्तरार्ध पाहिला तर माझा आक्षेप किती उरतो हे तपासून पाहावे लागेल. गर्भचाचणीची पट्टी मात्र तिथेही असेलच.

मुक्काम_पडदा

म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर काही अंशी असे की पूर्वार्ध पायांवर उभा राहावा म्हणून त्याला उत्तरार्धाच्या खिशातले रहस्य उसने द्यावे लागले.

शेवटची_रांग

उसने दिले असेल, पण व्याज कुणी भरले ते तुम्हीच ठरवा. माझे मत अजूनही पूर्वार्धालाच आहे. ट्रेलर, बड आणि म्यान या तीन गोष्टींची नोंद घेतलेली आहे, सुपरमॅनची घेतलेली नाही.

वाचाळवीर

एलची नोंद कुणी घेतली? उत्तरार्धाच्या श्रेयनामावलीत मेलेल्यांच्या नावांवर काट मारली जाते आणि डॅरिल हॅनाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येते. ट्रेलरमध्ये दोन्ही डोळे गेलेली बाई, मोकळा सुटलेला ब्लॅक मांबा साप आणि मैलोगणती वाळवंट. तिसऱ्या भागाविषयी टॅरँटिनो वर्षानुवर्षे बोलत आला आहे, तो निघाला तर निकीआधी हिचा विचार व्हावा.

अर्धविराम

निकीचा दावा आधीचा आहे. तिला शब्द दिलेला आहे.